मोरीपासून वैनगंगेपर्यंत : अड्याळ परिसरातील सांडपाण्याचा इतिहास

भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात, भंडाऱ्याहून पवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले अड्याळ हे वैनगंगेच्या खोऱ्यातील गाव आहे. या खोऱ्यातील पाण्याचा इतिहास लिहिला जातो तेव्हा तो बहुतेक वेळा तलावांचा इतिहास असतो आणि ते साहजिकही आहे, कारण गोंड आणि भोसले राजवटींच्या काळात, मुख्यतः कोहळी समाजाच्या कसबातून, येथे हजारो तलाव आणि बोड्या (शेतातील लहान तळी) बांधल्या गेल्या आणि धानाची शेती त्यांच्यावर उभी राहिली. पाणी कसे अडवावे, पाळीत बसवलेल्या तुडुमातून ते शेतात कसे सोडावे आणि जास्तीचे पाणी सलंगीवरून सुखरूप कसे काढून द्यावे, याचे शास्त्र येथील गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले. मात्र घरात आणलेले पाणी वापरून झाल्यावर त्याचे काय झाले, ते कोठे मुरले, कोठे साचले आणि कोणाच्या वाट्याला आले, हा प्रश्न इतिहासलेखनात क्वचितच विचारला गेला आहे. तो विचारला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते : गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत सांडपाण्याची जबाबदारी टप्प्याटप्प्याने घरापासून दूर सरकत गेली, आणि ती जितकी दूर सरकली तितके ते पाणी कोणत्या ना कोणत्या खालच्या वस्तीच्या गळ्यात पडले.

येथे दोन संज्ञांमधील फरक आधीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. स्वयंपाक, भांडी, आंघोळ आणि कपडे धुणे यांतून बाहेर पडणारे पाणी म्हणजे सांडपाणी, आणि शौचालयातून मानवी विष्ठा-मूत्रासह बाहेर पडणारे ते मैलापाणी. सांडपाण्यात अन्नकण, तेल, साबण आणि माती असते; मैलापाण्यात त्याशिवाय पटकी, विषमज्वर, कावीळ आणि हगवण पसरवणारे रोगजंतू असतात. पहिले पाणी घराच्या परिसरात मुरवणे तुलनेने सोपे आणि निर्धोक असते, तर दुसऱ्याला बंदिस्त ठेवून कुजवल्याशिवाय ते सुरक्षित होत नाही. ही दोन पाणी वेगळी ठेवायची की एकत्र करायची, या एका निर्णयावर गावाचा आणि शहराचा पुढचा सारा खर्च आणि सारे आरोग्य अवलंबून राहते.

प्राचीन वस्त्या आणि मुरवण्याची परंपरा

अड्याळच्या शेजारचे पवनी हे विदर्भातील अत्यंत जुन्या नगरांपैकी एक आहे. १९६९-७० मध्ये तेथील जगन्नाथ टेकडीवर झालेल्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले, आणि वैनगंगेच्या या काठावर दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी तटबंदी असलेली भरगच्च वस्ती होती हे निश्चित झाले. दाट वस्ती आली की वापरलेल्या पाण्याचा प्रश्न येतोच. सिंधू संस्कृतीतील मोहेंजोदडोने तो विटांच्या झाकलेल्या गटारांनी सोडवला होता; दख्खनमधील सातवाहनकालीन वस्त्यांनी मात्र अधिक साधी रीत अवलंबलेली दिसते. नेवाशासारख्या ठिकाणच्या उत्खननांत घरांलगत शोषखड्डे सापडले आहेत, म्हणजे भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून, किंवा बूड फोडलेले रांजण जमिनीत उभे पुरून, त्यांतून सांडपाणी जमिनीत मुरवण्याची सोय. वापरलेले पाणी दूर वाहून न नेता घराच्या हद्दीतच मातीच्या स्वाधीन करायचे, हे या व्यवस्थेमागचे तत्त्व होते, आणि ग्रामीण महाराष्ट्रात ते विसाव्या शतकापर्यंत टिकून राहिले.

सांदवाडी : घराच्या हद्दीतील व्यवस्था

भंडारा परिसरातील पारंपरिक घरामागे सांदवाडी असते, म्हणजे कुंपण घातलेली परसाची मोकळी जागा, जिथे भाजीपाला आणि चारदोन फळझाडे लावली जातात. न्हाणी आणि भांडी घासण्याची जागा याच बाजूला असे आणि तेथून निघालेल्या उथळ चरातून पाणी केळीच्या, कर्दळीच्या किंवा धोप्याच्या, म्हणजेच अळूच्या, वाफ्याकडे जात असे. ही झाडे तेथे केवळ शोभेसाठी किंवा भाजीसाठी लावलेली नसत. केळी, अळू आणि कर्दळ यांच्या मुळांना सतत ओलावा सोसतो, त्यांची रुंद पाने दिवसभर मोठ्या प्रमाणात पाणी हवेत सोडतात, आणि मुळांभोवतीच्या मातीत वाढणारे सूक्ष्मजीव पाण्यातील अन्नकण व मळ कुजवून त्यांचे खत करतात. आज ज्याला वनस्पतींच्या साहाय्याने केलेले जलशुद्धीकरण म्हणतात, त्याचे हे घरगुती आणि अनुभवसिद्ध रूप होते.

ही व्यवस्था चालण्यामागे तीन कारणे होती. पहिले म्हणजे पाणी विहिरीवरून शेंदून आणि डोक्यावर वाहून आणावे लागत असल्याने त्याचा वापर अत्यंत बेताचा होता आणि निघणारे सांडपाणीही तितकेच थोडे होते. दुसरे म्हणजे भांडी चुलीतल्या राखेने किंवा मातीने घासली जात आणि धुण्यात रिठा, शिकेकाई, फार तर साबण-सोडा वापरला जाई, त्यामुळे ते पाणी मातीतील जीवांना मारक नव्हते. तिसरे म्हणजे शौचविधी गावाबाहेर होत असल्याने घरच्या सांडपाण्यात मैला मिसळत नसे. अर्थात या तिसऱ्या गोष्टीचे मोल गावाला अन्य मार्गाने मोजावे लागत होते. पावसाळ्यात उघड्यावरची घाण वाहून तलावात आणि विहिरीत जाई, पटकीच्या साथी गावेच्या गावे पोखरत, आणि स्त्रियांना अंधार पडण्याची वाट पाहावी लागे. म्हणून जुनी व्यवस्था सर्वांगाने निर्दोष होती असे म्हणता येत नाही. सांडपाण्यापुरती ती शहाणपणाची होती, एवढेच तिच्याविषयी म्हणणे योग्य ठरते.

मध्य प्रांत आणि आरोग्याचे नवे शास्त्र

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपात सांडपाण्याविषयीचा विचार मुळापासून बदलला. १८५४ मध्ये लंडनमध्ये जॉन स्नो यांनी पटकीचा संबंध दूषित पाण्याशी जोडून दाखवला, आणि १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदीच्या दुर्गंधीने संसदेचे कामकाज कठीण झाल्यावर जोसेफ बॅझलगेट यांच्या आराखड्यानुसार तेथे भुयारी गटारे बांधण्यात आली. पाण्याच्या जोरावर मैला वाहून न्यायचा आणि शहराबाहेर नदीत सोडायचा, ही पद्धत तेथून जगभर पसरली. तिने शहरांतील साथी आटोक्यात आणल्या, पण त्याचबरोबर सांडपाणी आणि मैलापाणी एकत्र करून सारे नदीच्या हवाली करण्याची सवयही लावली. तेच पाणी शुद्ध करण्याची प्रभावी रीत बऱ्याच उशिरा सापडली. हवा खेळवून सूक्ष्मजीवांकरवी मैलापाणी स्वच्छ करण्याची ‘सक्रिय गाळ’ पद्धत १९१४ मध्ये मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडली, आणि आजही जगातील बहुतेक मोठी शुद्धीकरण केंद्रे तिच्यावर किंवा तिच्या सुधारित रूपांवर चालतात.

नागपूर आणि भंडारा ज्यात मोडत त्या ब्रिटिशकालीन मध्य प्रांतात या नव्या विचाराचा प्रवेश नगरपालिकांच्या मार्गाने झाला. नागपूरची नगरपालिका १८६४ मध्ये स्थापन झाली; अंबाझरी तलावाचे पाणी शहराला मिळू लागले आणि पुढे इतर जलाशयांची व कन्हान नदीची भर पडली. घरात जितके पाणी आले, तितके सांडपाणी घराबाहेर पडले, आणि ते शहराच्या मधून वाहणाऱ्या नागनदीच्या पात्राकडे वळले. शौचकूपांतील मैला टोपल्यांतून आणि गाड्यांतून वाहून नेण्याचे काम जातीच्या आधारावर ठरावीक समाजघटकांवर लादले गेले. नव्या शहरी स्वच्छतेचा पाया या अन्यायावर उभा होता, ही गोष्ट या इतिहासात स्पष्टपणे नोंदवलीच पाहिजे. या प्रथेला कायद्याने बंदी घालण्यासाठी १९९३ उजाडावे लागले, आणि मैलाटाक्या व भूमिगत गटारांत माणूस उतरवण्याच्या धोकादायक कामावरील बंदी २०१३ च्या कायद्याने आली.

खेड्यांकडे सरकारचे लक्ष उशिरा आणि अपुरे वळले. १९२० मध्ये मध्य प्रांतात ग्रामपंचायतींचा कायदा झाला खरा, पण गावाच्या पाण्यावर आणि जमिनीवर प्रत्यक्ष सत्ता मालगुजारांची, म्हणजे सरकारला सारा भरणाऱ्या गावमालकांची, होती. १९५०-५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, आणि गावाच्या सामाईक पाण्याची देखभाल करणारी जुनी यंत्रणा ढिली पडली. १९५६ मध्ये भंडारा जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम लागू झाला, आणि सांडपाण्याच्या नाल्या बांधणे व स्वच्छ ठेवणे हे ग्रामपंचायतीच्या कर्तव्यांपैकी एक ठरले.

खराटा, फावडे आणि ग्रामगीता

विदर्भात गावाच्या स्वच्छतेचा विचार मात्र कायद्यापेक्षा संतांनी आणि सेवकांनी अधिक खोलवर रुजवला. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात शिरताच हातातल्या खराट्याने रस्ते झाडत, नाल्या मोकळ्या करत, आणि मगच रात्री कीर्तनाला उभे राहत. विनोबा भावे स्वातंत्र्याच्या आगेमागे पवनारहून सुरगावला रोज पायी जाऊन तेथील मैला उचलण्याचे काम करीत होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९५५ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रामगीतेत ग्रामशुद्धीला एक स्वतंत्र अध्याय दिला आणि स्वच्छता हे साऱ्या गावाचे मिळून करायचे नित्यकर्म मानले. त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांतून हा विचार पूर्व विदर्भातील गावोगावी पोचला. या तिघांच्या कार्यातील समान सूत्र असे की घाण काढणे हे कोणा एका जातीचे काम नसून ती ज्याची आहे त्याचे ते काम आहे. सांडपाण्याच्या इतिहासात हे सूत्र अभियांत्रिकीइतकेच महत्त्वाचे आहे, कारण जबाबदारी कोणाची हे ठरल्याशिवाय कोणतीही नाली फार काळ वाहती राहत नाही.

नालीचे युग आणि हत्तीपाय

नळयोजना खेड्यांत पोचल्या तसे गणित पार बदलले. जलजीवन मिशनने २०१९ पासून दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरवले आहे, आणि वापरलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते असे जलअभियंते मानतात. या हिशेबाने १,००० वस्तीच्या गावातून रोज सुमारे ४४,००० लिटर सांडपाणी निघते. त्याच काळात कुटुंबे विभागली, सांदवाड्यांच्या जागी खोल्या उठल्या, राखेची जागा धुण्याच्या पावडरीने आणि भांड्यांच्या साबणाने घेतली, आणि पाणी मुरवायला ना जागा उरली ना माती. मग ते रस्त्याकडेच्या सिमेंटच्या नालीत सोडण्यात आले. नाली घरापुढचा चिखल दूर करते, म्हणून ती विकासाची खूण ठरली; परंतु ती पाणी शुद्ध करत नाही, फक्त पुढे ढकलते. जिथे उतार कमी पडतो, प्लास्टिक आणि गाळ अडकतो किंवा नाली मधेच संपते, तिथे पाणी तुंबते, आणि शेवटी ते गावाच्या खोलगट कडेला, एखाद्या बोडीत किंवा ओढ्यात जाऊन पडते.

या तुंबलेल्या पाण्याचा पूर्व विदर्भाशी विशेष दुःखद संबंध आहे. हत्तीपाय हा रोग भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत दीर्घकाळ मुक्काम ठोकून आहे. त्याला कारणीभूत असलेले धाग्यासारखे जंत क्युलेक्स जातीच्या डासामार्फत एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातात, असा शोध पॅट्रिक मॅन्सन यांच्या १८७७-७८ मधील संशोधनातून पुढे आला. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातल्या स्वच्छ साठवणीच्या पाण्यात वाढतो, तर क्युलेक्सला घाण, सेंद्रिय द्रव्यांनी भरलेले, स्थिर पाणी लागते. म्हणजे तुंबलेली नाली आणि उघडी मैलाटाकी ही त्याची हक्काची जागा ठरते. उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. जंत शरीरातील लसीकावाहिन्यांत वर्षानुवर्षे राहतात, आणि पाय सुजू लागतो तेव्हा बाधा होऊन बराच काळ लोटलेला असतो. केंद्र सरकारने १९५५ मध्ये राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला, २००४ पासून सामूहिक औषधोपचाराच्या मोहिमा सुरू झाल्या, आणि तीन औषधे एकत्र देण्याची नवी पद्धत देशात ज्या पहिल्या काही जिल्ह्यांत आली त्यांत नागपूर होते. औषधाने माणसाच्या रक्तातील जंतांची पिल्ले नष्ट होतात, परंतु डासांची पैदास नालीतच थांबवावी लागते. म्हणून या भागात सांडपाण्याचा प्रश्न हा गावाच्या देखणेपणापुरता मर्यादित कधीच नव्हता.

नागपूरचे पाणी, पवनीचे धरण

सांडपाण्याच्या शास्त्रासाठी देशात सर्वाधिक महत्त्वाची ठरलेली संस्था याच खोऱ्याच्या वरच्या अंगाला आहे. १९५८ मध्ये नागपुरात केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली, आणि १९७४ मध्ये तिचे नाव राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे ‘नीरी’, असे झाले. भारताच्या उष्ण हवामानाला आणि बेताच्या ऐपतीला साजेल अशा प्राणवायू तळ्यांवर या संस्थेने काम केले. उथळ तळ्यात सांडपाणी काही दिवस राखले की सूर्यप्रकाशात वाढणारे शेवाळ प्राणवायू सोडते, त्या प्राणवायूवर जगणारे जिवाणू पाण्यातील घाण कुजवतात, आणि विजेविना पाणी बरेच स्वच्छ होते, हे त्यामागचे तत्त्व. पुढे याच संस्थेने ‘फायटोरिड’ ही पाणवनस्पती आणि खडीच्या थरांतून पाणी गाळण्याची पद्धत विकसित केली, जी सांदवाडीतल्या केळी-कर्दळीच्या जातकुळीचीच म्हणावी लागेल.

महाराष्ट्राने १९६९ मध्ये जलप्रदूषण प्रतिबंधाचा स्वतंत्र कायदा केला, तोही केंद्राच्या १९७४ च्या कायद्याच्या पाच वर्षे आधी. तरीही त्याच नागपूरचे सांडपाणी नागनदीतून वाहतच राहिले. लाव्याच्या टेकड्यांत उगम पावणारी आणि अंबाझरीमार्गे शहर ओलांडणारी ही नदी पिवळी नदीला सोबत घेऊन कन्हानला मिळते, आणि कन्हान आंभोऱ्याच्या संगमावर वैनगंगेला. तेथून खाली पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरण आहे, ज्याची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. नदी वाहती होती तोवर तिच्यात आलेली घाण पावसाळ्याच्या पुरात निघून जाई; ३३ दरवाज्यांच्या या धरणाने पाणी अडवल्यावर ती घाण जलाशयात साठू लागली. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद हे वनस्पतींचे अन्न असल्याने साचलेल्या पाण्यावर इकॉर्नियाचे, म्हणजे जलपर्णीचे, हिरवे थर पसरले, पाण्यातील प्राणवायू घटला, मासेमारीवर संकट आले, आणि फुगवट्याचे पाणी वर भंडारा शहरापर्यंत पोचल्याने पिण्याच्या पाण्याचा प्रश्न निर्माण झाला. ज्या तालुक्यातील लोकांनी धरणासाठी घरे आणि शेते दिली, त्यांच्याच दारात एका महानगराने वापरून टाकलेले पाणी येऊन थांबले, ही या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोठी विसंगती आहे.

याला उतारा म्हणून नागपुरात जे घडले तेही तितकेच लक्षणीय आहे. भांडेवाडी येथे दररोज २०० दशलक्ष लिटर क्षमतेचे शुद्धीकरण केंद्र उभे राहिले, आणि शुद्ध केलेले पाणी कोराडी व खापरखेडा येथील औष्णिक वीज केंद्रांना दिले जाऊ लागले. वीज केंद्रांच्या शीतकरणासाठी लागणारे तितके स्वच्छ पाणी त्यामुळे वाचते. नागनदीच्या पुनरुज्जीवनासाठी सुमारे १,९०० कोटी रुपयांचा प्रकल्पही केंद्राने मंजूर केला आहे. शहराचे सांडपाणी शहरानेच शुद्ध करून पुन्हा कामी आणावे, हा विचार येथे प्रथमच मोठ्या प्रमाणावर मूर्त झाला आहे.

पुन्हा मातीकडे

गावपातळीवर उलट प्रवास आधीच सुरू झाला आहे. राज्याने २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, २०१४ मध्ये स्वच्छ भारत मिशन आले, आणि २०२० पासूनच्या त्याच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाणी हा मुख्य विषय झाला. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधून दिली. मात्र आराखड्याचा नमुना दिल्लीहून आला नाही. नांदेड जिल्ह्यात, हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णीसारख्या गावांनी घरोघरी शोषखड्डे घेऊन नाल्याच बंद केल्या आणि गाव डासमुक्त केले, आणि रोजगार हमीतून पसरलेला हा ‘नांदेड पॅटर्न’ राज्यभर ‘जादुई खड्डा’ म्हणून ओळखला गेला.

या खड्ड्याची रचना साधी आहे. सुमारे चार फूट लांब-रुंद आणि तितकाच किंवा थोडा अधिक खोल खड्डा घ्यायचा. त्याच्या मध्यभागी भोके पाडलेली सिमेंटची किंवा प्लास्टिकची टाकी ठेवायची. टाकीभोवती तळाला मोठे दगड, त्यावर लहान दगड आणि वर खडी भरायची. आणि मोरीचे पाणी आधी जाळी बसवलेल्या छोट्या कुंडीतून नेऊन मगच टाकीत सोडायचे. कुंडीत केस, खरकटे आणि गाळ अडतो, टाकीत उरलेला गाळ बसतो, भोकांतून निघालेले पाणी दगडांवर जमलेल्या जिवाणूंच्या बुळबुळीत थरावरून झिरपत जमिनीत उतरते. वरून झाकलेले असल्याने डासाला पाण्याचा स्पर्शही होत नाही. आठवड्यातून एकदा कुंडी साफ करणे एवढेच काम घराकडे उरते, आणि तेच टाळले तर खड्डा काही महिन्यांत तुंबतो.

वैनगंगेच्या खोऱ्यात हा नमुना जसाच्या तसा उचलून चालत नाही. येथील धानाच्या बांध्यांची चिकण, काळी कन्हार माती पाणी सावकाश पिते, वार्षिक पाऊस १,२०० मिलिमीटरच्या वर असल्याने भर पावसाळ्यात भूजल वर येते, आणि विहिरीपासून १० ते १५ मीटरचे अंतर राखावे लागते. म्हणून भारी जमिनीत खड्डा मोठा घ्यावा लागतो, जोडीला सांदवाडीचे वाफे ठेवावे लागतात, आणि दाट वस्तीत घरोघरचे पाणी गावाच्या कडेला आणून स्थिरीकरण तळ्यांच्या, म्हणजे वर सांगितलेल्या प्राणवायू तळ्यांच्या, साखळीतून शुद्ध करावे लागते. शौचालयाचे पाणी तर या खड्ड्यात सोडायचेच नसते. त्यासाठी आलटून पालटून वापरायचे दोन खड्डे, किंवा मैलाटाकी आणि तिच्या बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी वेगळा शोषखड्डा हवा. मैलाटाकीचा पाइप नालीत सोडला की सांडपाण्याचे मैलापाणी होते आणि सारी नाली रोगाची वाहिनी बनते.

अड्याळच्या मोरीतील पाणी आणि नागपूरच्या भुयारी गटारातील पाणी यांत आकाराचा फरक प्रचंड असला, तरी न्याय एकच लागू होतो. ज्याने पाणी वापरले त्याने ते आपल्या हद्दीत स्वच्छ करावे : घराने सांदवाडीत, गावाने शिवारात आणि शहराने आपल्या सीमेच्या आत. तलाव बांधणाऱ्या पिढ्यांनी जास्तीचे पाणी सलंगीवरून सोडताना खालच्या शेताचे नुकसान होणार नाही याची काळजी घेतली होती. सांडपाण्याबाबत तीच काळजी घेणे हे आता ग्रामपंचायतींचे, महानगरपालिकांचे आणि प्रत्येक कुटुंबाचे कर्तव्य आहे, आणि त्यासाठी लागणारे ज्ञान या खोऱ्याने स्वतःच्या सांदवाड्यांत आणि प्रयोगशाळांत केव्हाच मिळवलेले आहे.